रोजचे ६० रुपये

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमचे पिग्मीवाले, म्हणजे दारोदार फिरून लोकांची रोजची छोटी बचत गोळा करणारे, काका पतसंस्थेत येतात आणि खांद्यावरची रेक्झिनची बॅग माझ्या काउंटरवर उपडी करतात. सकाळपासून ते नाशकातला पंचवटी कारंजा, मार्केट यार्ड करत खाली गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, फुलवाल्यांपर्यंत फिरलेले असतात आणि त्या नोटांना सगळ्या रस्त्याचा वास लागलेला असतो. कोथिंबिरीचा, झेंडूचा, भजी तळलेल्या तेलाचा. दहा-वीसच्या ओलसर, चुरगळलेल्या नोटा मोजायच्या मशीनमध्ये अडकतात, म्हणून त्या मी हातानेच मोजते. ताळा जुळला की पर्समधून स्वतःचे ६० रुपये काढून त्यांच्यापुढे ठेवते आणि त्यांच्या हातातलं ते छोटं यंत्र झिर्र करून पावती काढतं. मागच्या श्रावणात एकदा पावती फाडता फाडता काकांनी विचारलं, “ताई, एक विचारू का? पगार इथंच, खातं इथंच. मग रोजचे ६० रुपये माझ्याकडं कशाला भरता? काय घ्यायचंय?” मी लगेच म्हणाले, “वॉशिंग मशीन.” “घ्या घ्या,” काका म्हणाले, “पावसाळ्यात लागतंच.” आणि बॅग उचलून गेले.

वॉशिंग मशीन आमच्याकडे सात वर्षांपासून आहे.

त्या रात्री जेवताना ते उत्तर घशाशी येत राहिलं. त्याच आठवड्यात मी काउंटरवर सगळ्यांदेखत दाताच्या कॅपला किती पैसे पडले ते सांगितलं होतं. सासूबाईंच्या गुडघ्याची कथा तर अख्ख्या शाखेला पाठ आहे. कोणत्या डॉक्टरांनी किती सांगितले, कोणाकडे कमी झाले, सगळं. मग मानसोपचाराच्या फीसाठी पैसे साठवते आहे, एवढंच सांगायला जीभ का उचलली नाही? काका काही वाईट माणूस नाहीत. ज्याची पिग्मी चार दिवस चुकली त्याच्या घरी चौकशी करून येणारे आहेत ते. तरी मी खोटं बोलले, आणि तेही इतक्या सराईतपणे, की उत्तर आधीपासून तयार ठेवलं होतं हे माझं मलाच तेव्हा कळलं.

सुरुवात त्याच्या दोन दिवाळ्या आधी झाली. झोप लागायची, पण तीनच्या आसपास खाड्कन उघडायची. मग अंधारात पंख्याकडे बघत पडायचं. हे कंपनीतून दमून आलेले, त्यांना उठवायचं कशाला. लेक अकरावीत, तिचा क्लास सहाला. पाच वाजता कुठलंतरी देऊळ उघडल्याची घंटा ऐकू आली की मला हायसं वाटायचं, की चला, आता उठलेलं चालेल. दिवसा काही दिसण्यासारखं नव्हतं. डबे होत होते, नोकरी होत होती. फक्त मोजताना आकडा सुटायला लागला. शंभराचं बंडल मी डोळे मिटून मोजू शकते, आणि आता अडतीस-एकोणचाळीसला आलं की पुढचा आकडाच सापडेना. परत पहिल्यापासून. एका शनिवारी ५०० रुपये कमी आले. तीनदा मोजले, कमीच. गुपचूप पर्समधून घातले आणि कॅश बंद केली. खाली येऊन स्कूटरची किल्ली लावली, आणि ती फिरवायला हातात बळच नव्हतं. चाळीस मिनिटं मी तशीच बसून होते. वॉचमनने दोनदा विचारलं, “मॅडम, पेट्रोल संपलं का?”

आईला सांगितलं तर म्हणाली, “तुला कशाचं कमी आहे?” हे तिने रागाने नव्हतं म्हटलं, तिला खरोखरच शोधायचं होतं की काय कमी आहे, म्हणजे ते आणून देता येईल. जाऊबाई मात्र स्वतः घरी आल्या. माझ्या शेजारी बसून, हातात हात घेऊन म्हणाल्या की त्र्यंबकला शांती करून घेऊ, त्यांच्या माहेरी एकीला गुण आला होता. आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या, “खर्चाचं मनावर घेऊ नको. अर्धे मी देते.” मी शांती केली नाही, माझा त्यावर विश्वास नाही. पण ते ‘अर्धे मी देते’ मी विसरू शकत नाही. पुढच्या सगळ्या काळात डॉक्टरांचे अर्धे देते असं मला कोणी म्हटलं नाही, आणि यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पूजेचा खर्च घराचा असतो, आजारपणाचाही घराचाच असतो. मनाच्या दुखण्याचा खर्च कोणत्या डब्यातून काढायचा, हे आमच्या घरांमध्ये अजून ठरलेलंच नाही.

पहिल्या समुपदेशक गंगापूर रोडला होत्या. फोनवर शोधून काढलं, चांगले शेरे बघितले, वेळ घेतली. पाऊण तासाचे १२०० रुपये. खोली सुंदर होती, कोपऱ्यात झाड, टीपॉयवर टिश्यूचा डबा. बाईही मनाने चांगल्या. पण त्या विचारायच्या, “तुमचे ट्रिगर्स काय आहेत असं तुम्हाला वाटतं?” आणि मी आधी तो शब्द मनात मराठीत आणायचे, मग उत्तर शोधायचे, मग ते पुन्हा त्यांना शोभेल अशा भाषेत करायचे. तेवढ्यात जे सांगायचं होतं ते निसटून जायचं. “घरी बाउंड्रीज सेट करा,” असं त्यांनी सांगितलं. आमचं घर वन बीएचके. सासूबाई हॉलमध्ये झोपतात, लेक तिथंच अभ्यास करते, आणि ओटा तिथून चार पावलांवर. मी मान हलवली. तीनदा गेले, ३६०० रुपये झाले, चौथ्या वेळी ‘पाहुणे आलेत’ असा मेसेज टाकला आणि परत गेले नाही. पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं की दोष माझाच, मला उपचार घेताच येत नाहीत. न जमणं हे औषध न मानवण्यासारखं असू शकतं, माणूस आणि डॉक्टर दोघंही चांगले असून ते होऊ शकतं, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग पैशांचा विचार करून दुसरीकडे गेले. तिथं ४०० रुपये होते. भिंतभर प्रमाणपत्रं लावलेली, आणि ते गृहस्थ बोलण्यात अतिशय गोड. पहिल्याच दिवशी मी इतकं बोलले की बाहेर पडल्यावर अंग हलकं झालं. दुसऱ्या वेळी त्यांनी जन्मवेळ विचारली. ते एक वेळ चाललं असतं. पण आठ दिवसांनी घरी हे मला म्हणाले, “तू त्यांना आपल्या गावच्या जमिनीचं सांगितलंस का?” त्या गृहस्थांनी ह्यांना फोन केला होता. ‘घरच्यांचं सहकार्य हवं’ म्हणून. मला न विचारता. मी त्या खोलीत ठेवून आलेली गोष्ट माझ्याआधी माझ्या घरात पोचली होती. पतसंस्थेत आम्ही कोणाच्या खात्यात किती आहेत हे सख्ख्या भावालाही सांगत नाही. सोळा वर्षांत एकदाही नाही. आणि इथे माझं सगळं खातं कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

त्यानंतर चार महिने मी कुठेच गेले नाही.

त्या चार महिन्यांत मी वाचलं मात्र खूप. पाटीवरच्या कोणत्या शब्दाचा काय अर्थ, हे कळायला मला बेचाळीस वर्षं लागली. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारांत शिकलेले डॉक्टर. या पाट्यांखालच्या लोकांत गोळी तेच देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गोळी देत नाहीत, बोलून उपचार करतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती परिषद १९९२ च्या कायद्याने झालेली आहे. नोंदणी क्रमांक विचारता येतो, आणि ज्यांच्याकडे असतो ते राग न मानता सांगतात. समुपदेशक या पाटीखाली मात्र सगळे येतात: दोन-दोन पदव्या घेऊन, वर्षानुवर्षं काम करून तयार झालेली उत्तम माणसंही, आणि चार शनिवारचा कोर्स करून आलेलेही. आम्ही कर्ज देताना सातबारा बघतो, जामीनदार बघतो, पगाराचा दाखला बघतो. आणि मी माझं मन उघडताना भिंतीवरच्या फ्रेमा बघितल्या होत्या.

१४४१६ हा नंबर मी कुठल्यातरी दवाखान्याच्या भिंतीवर वाचला होता. टेली-मानस, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली केंद्र सरकारची सेवा, फोन फुकट, चोवीस तास. वाचून विसरले होते. एका रात्री तीन वाजता, मार्च असेल, अंगात थंडी भरल्यासारखं झालं आणि मी मोबाइल घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसले. भाषा निवडायला सांगितली, मराठी निवडली. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून लेकीहून फार मोठी वाटली नाही. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू म्हणाली. मी काय बोलले ते आठवत नाही. तिने मधेच अगदी सरळ विचारलं, “ताई, जीव नकोसा वाटतो का? तसे विचार येतात का?” इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. सगळे त्याला वळसा घालून जात होते, आणि वळसा घातला की मधे काहीतरी आहे हे दोघांनाही कळतं. मी म्हटलं, नाही, तसं नाही, पण कशातच जीव लागत नाही. “बरं झालं तुम्ही फोन केलात,” ती म्हणाली. बाहेरून सासूबाई विचारत होत्या, कोण आहे गं. मी नळ सोडला आणि बोलत राहिले. शेवटी तिने सांगितलं की सरकारी दवाखान्यात मनोविकारांची ओपीडी असते, तिथं एकदा दाखवा, झोपेचं नक्की सांगा.

सरकारी दवाखान्यात जाताना मी ओढणी डोक्यावरून घेतली होती, हे लिहिताना आज मला वाईट वाटतं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा पैशांचा प्रश्न नव्हता; प्रश्न अर्ध्या दिवसाच्या रजेचा आणि ओळखीच्या माणसांचा होता. बाकावर माझ्या एका बाजूला दिंडोरीकडचे एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते, दुसऱ्या बाजूला एक नुकती बाळंत झालेली मुलगी आणि तिची आई. बाळाची दुपटी ती आई सारखी नीट करत होती, आणि मुलगी समोरच्या भिंतीकडे बघत होती. कोणी ‘वेडं’ नव्हतं तिथं. सगळे रात्री न झोपलेले दिसत होते. डॉक्टरांकडे माझ्या वाट्याला दहा मिनिटं आली असतील. पण त्यांचा पहिला प्रश्न असा होता: “झोप लागत नाही, की लागून मोडते?” मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मोडते. तीनला मोडते. हा फरक असतो, त्याला अर्थ असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं, कारण यांतलं काही कमी-जास्त असलं तरी माणूस असाच कोमेजतो. आणि एक कागद भरायला दिला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत असं किती दिवस वाटलं: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण. सगळे मिळून जास्तीत जास्त २७. माझे १६ आले.

माझं माहेर पंचवटीतलं, गंगेपासून हाकेच्या अंतरावर. धरणातून पाणी सोडलं की वडील गल्लीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, “मारुतीच्या कुठवर आलंय?” गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. छातीला लागलंय. आमच्या गावाला पूर मीटरमध्ये कळत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर कळतो. छातीच्या वर गेलं की पलीकडे भांडीबाजारात, सराफात दुकानदार माल माळ्यावर चढवायला घेतात. २०१९ च्या ऑगस्टात तर तो पुरता पाण्याखाली गेला होता. कोणी कोणाला म्हणत नाही की पाणी तुझ्या मनातच आहे. त्या बाकावर, गुडघ्यावर पॅड ठेवून मी ते १६ बघत होते, तेव्हा मला वडिलांचा तो प्रश्न आठवला आणि डोळ्यांना धार लागली. कोणीतरी माझं पाणी मोजलं होतं. कमरेच्या वर होतं, गळ्याच्या खाली होतं. शेजारच्या आजोबांनी काही न विचारता त्यांच्याजवळची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

बी-ट्वेल्व्ह बरंच कमी निघालं. गोळ्याही सुरू झाल्या. डॉक्टरांनी दोनदा बजावलं की दोन-तीन आठवडे तरी काही वाटणार नाही, धीर धरा, आणि पुढे बरं वाटायला लागलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. चौथ्या आठवड्यात एकदा पहाटे साडेपाचला जाग आली. मी घड्याळ दोनदा बघितलं. एवढं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता याच्या जोडीला कोणाशीतरी नियमित बोलायला हवं. तिथेही तशी सोय होती, पण सकाळच्या वेळेत, म्हणजे दर वेळी अर्धी रजा. सोळा वर्षं नोकरी झाली तरी पतसंस्थेत महिन्यातून दोनदा अर्धी रजा मागण्याइतकी माझी ताकद नाही. आमची मेडिक्लेम पॉलिसी काढून बघितली. मानसिक आजार विम्यात शारीरिक आजारासारखाच धरावा असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, हे वाचलं होतं. पॉलिसीत तो धरलेला होताही. पण ॲडमिट झालं तर. आठवड्याला समोर बसून बोलायचे पैसे त्यात कुठे बसत नव्हते. तेव्हा मी पिग्मी उघडली. रोजचे ६०. पंचवीस दिवसांचे दीड हजार. सहा महिने गोळ्यांवर राहायचं, तोवर पैसे साठवायचे आणि मग माणूस शोधायचा, असा माझा हिशेब होता. वॉशिंग मशीनचं ते खोटं यातल्या दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यातलं.

माणूस सापडला तो जुन्या नाशकात, एका ट्रस्टच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी बसणाऱ्या बाई. ओपीडीतल्या एका सिस्टरनी नाव सांगितलं. या वेळी मी आधी फोन केला आणि कागदावर लिहून ठेवलेले प्रश्न विचारले. नोंदणी आहे का? मराठीत बोलता का? मी सांगितलेलं माझ्या परवानगीशिवाय घरी कळणार नाही ना? त्यांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं आणि शेवटच्यावर म्हणाल्या, “जिवाला धोका आहे असं मला वाटलं तरच मी कोणाला सांगेन, आणि तेही आधी तुम्हाला सांगून.” फी ७५० होती. इथं माझी गाडी अडली. दिवसभरात दोन-तीन माणसं माझ्या काउंटरवर येऊन म्हणतात, मॅडम, व्याजात काही कमी होईल का, एवढा हप्ता पुढच्या महिन्यात घेता का. मी ते ऐकून घेते, साहेबांपर्यंत नेते, त्यात मला कधी कमीपणा दिसला नाही. आणि मला स्वतःला ते वाक्य म्हणताना तोंडाला कोरड पडली. “थोडं कमी होईल का?” एवढे चार शब्द. पलीकडून लगेच उत्तर आलं, “किती जमेल?” मी ६०० म्हटलं. “चालेल. पंधरा दिवसांनी एकदा येत जा, म्हणजे ओढाताण होणार नाही.” फोन ठेवल्यावर मला कळलं की हे विचारायला इतर ठिकाणीही हरकत नव्हती, कितीतरी जण कमी करतात, पण विचारल्याशिवाय त्यांना कसं कळणार.

पिग्मी मुदतीआधी मोडली म्हणून थोडी कपात झाली. काकांनी अर्ज पुढे केला आणि विचारलं, “आलं का मशीन?” “बुक केलंय,” मी म्हटलं. दुसऱ्यांदा.

त्या बाईंच्या खोलीत झाड नाही. लोखंडी टेबल, दोन खुर्च्या, खिडकीखाली भेळवाल्याची घंटा. पहिल्या दिवशी मी तयारीने गेले होते. डिप्रेशन, अँग्झायटी, सगळे शब्द पाठ. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “ते राहू द्या. तुम्हाला काय होतं?” मी म्हटलं, घालमेल होते. “कुठे होते? छातीत की पोटात?” मी हात ठेवून दाखवलं, इथे, बरगड्यांच्या खाली. “आणि ती हुरहुर असते की तगमग?” मला आठवतं, मी कितीतरी वेळ गप्प राहिले, कारण मला खरंच बघावं लागलं. हुरहुर संध्याकाळी, दिवेलागणीला. तगमग पहाटे तीनला. दोन वेगळ्या गोष्टी होत्या त्या, आणि मी दोन वर्षं एकाच परक्या शब्दात त्यांना कोंबत होते. आपल्या भाषेत या त्रासांना किती नावं आहेत. जीव कासावीस होतो, मनात काहूर माजतं, काळजाचं पाणी होतं, कशातच राम वाटत नाही. माझी आजी दळताना हे सगळे शब्द वापरायची आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असायचा. ज्याच्यासमोर हे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात, तो माणूस मला हवा होता. एडवर्ड बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये लिहून ठेवलंय की उपचार करणारा आणि घेणारा यांच्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कुठे पोचायचं, त्यासाठी काय करायचं, आणि दोघांमधला जिव्हाळा. मला हे नंतर वाचायला मिळालं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की घरी परतताना होळकर पुलावर वारा लागला आणि तो लागल्याचं जाणवलं.

काय करतात तिथं, असं मला आता मैत्रिणी विचारतात. फार थोर काही नाही. त्यांनी मला वही करायला लावली. मधोमध रेघ. एक वाक्य वर लिहायचं, जे रात्री तीनला डोक्यात फिरतं ते. माझं वाक्य होतं, ‘मी आता कामाची राहिले नाही.’ रेघेच्या एका बाजूला त्याचे पुरावे, दुसऱ्या बाजूला त्याविरुद्धचे. मी म्हटलं, म्हणजे जमा आणि नावे. त्या हसल्या, “हो, तुमच्या भाषेत तेच.” नावेच्या बाजूला मी भराभर लिहिलं: ५०० रुपये कमी आले, लेकीचा डबा दोनदा विसरला, स्कूटरवर चाळीस मिनिटं. जमेच्या बाजूला पेन थांबलं. त्यांनी वाट बघितली. भेळवाला येऊन गेला. मग विचारलं, “सोळा वर्षांत कॅश किती वेळा कमी आली?” एकदा. “आणि किती दिवस जुळली?” मी मनातल्या मनात गुणाकार करायला गेले, वर्षाचे अंदाजे २९० दिवस धरून, सोळाने गुणून, आणि आकडा येईपर्यंत रडू आलं. साडेचार हजारांच्या वर दिवस ताळा जुळला होता, आणि माझ्या वहीत तो कोणी जमाच केला नव्हता. त्या कमी पडलेल्या ५०० रुपयांबद्दल मी तोवर कोणालाच बोलले नव्हते. ह्यांनासुद्धा त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. ते म्हणाले, “मग तेव्हाच सांगायचं ना,” आणि उठून चहा ठेवला. रात्री साडेदहाला.

सगळं नीट झालंय असं नाही. गोळी अजून आहे, डॉक्टर हळूहळू कमी करतायत. मध्ये एक पंधरवडा इतका वाईट गेला की मी बाईंना म्हटलं, पैसे वाया चाललेत. त्यांनी ते ऐकून घेतलं, मला खोडून काढलं नाही. आता महिन्यातून एकदाच जाते. पिग्मी पुन्हा उघडून चालूच ठेवलीय.

परवा काका जरा लवकर आले. पाऊस होता, बॅग आतून ओली झालेली, नोटा एकमेकींना चिकटलेल्या. त्या सुट्या करून काउंटरवर पंख्याखाली पसरता पसरता मी काही न ठरवता म्हणाले, “काका, ते वॉशिंग मशीनचं मी खोटं सांगितलं होतं. मी मनाच्या डॉक्टरांकडे जाते. त्यांच्या फीसाठी भरते हे पैसे.” बोलून झाल्यावर कानशिलं तापली. बँकेतून आणलेली कोरी बंडलं मी उगाच सरळ करायला लागले. काका नोटा पसरत राहिले. वीसच्या वेगळ्या, दहाच्या वेगळ्या. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर जी पाहणी केली, तीत असं निघालं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसं उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. हे वाचल्यापासून काकांच्या पिग्मीच्या यादीवरची नावं मी वेगळ्या नजरेने बघते. काकांना मात्र मी त्या यादीत कधी धरलं नव्हतं.

“किती घेतात हो एका वेळचे?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी सांगितलं. आधी ७५०, मी विचारल्यावर ६००. सरकारी दवाखान्यात काही नाही, फक्त सकाळी जावं लागतं. आणि नुसतं बोलायचं असेल तर फोन फुकट आहे, रात्रीसुद्धा. काका म्हणाले, “धाकट्याला कंपनीनं ब्रेक दिला फेब्रुवारीत. तेव्हापासून खोलीतच आहे. जेवायला ताट आत द्यायला लागतं. त्याची आई म्हणते नजर लागली.” मग थोडं थांबून, “मी म्हणतो आळशी झालाय. पण तो आळशी नव्हता हो ताई. पहाटे चारला माझ्याबरोबर यार्डात यायचा.”

काउंटरवर माझ्या ६० रुपयांची पावती पडली होती, नुकतीच निघालेली. काकांनी ती उलटी केली, दोरीला बांधलेलं पेन ओढून घेतलं आणि म्हणाले, “सांगा नंबर.” मी एक-एक आकडा सांगितला. १, ४, ४, १, ६. त्यांनी तो मोठ्या अक्षरात लिहिला, पुन्हा वाचून दाखवला.

“मराठीत बोलतात ना?”

“मराठीत बोलतात,” मी म्हटलं.

त्यांनी पावती घडी करून शर्टाच्या खिशात, पिग्मीच्या यंत्रामागे नीट ठेवली, वरून हात फिरवून बघितला, आणि आम्ही दोघं पुन्हा नोटा मोजायला लागलो.